बस म्हणेपर्यंत

२ डिसेंबर २०२४, सोमवार. मस्तगड, जालना

ताटावर बसलेल्या माझ्या बहिणींनो,

तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. आपल्या पोटाबद्दल आपल्याला सोडून सगळे बोलतात. लहानपणी म्हणतात हावरट. वयात आलो की म्हणतात, आता जरा बेतानं. लग्न जमेना झालं की, थोडी कमी हो. लग्न झालं की, वाळली कशी, सासरी खायला देत नाहीत का. पोट आपलं आणि पंचायत गावाची.

डायरीचं पहिलं पान असं हाक मारून सुरू झालेलं पाहिलं तर आत्या हसेल. पण मला एकटीशी बोलायची सवय नाही. बारा वर्षं व्याख्यानं देते आहे. कोरा कागद समोर आला की त्यावर आपोआप सतरंजी अंथरली जाते आणि बायका पदर सावरत येऊन बसतात.

तर ऐका. दोन फेब्रुवारीला वाटूरला महिला मेळावा आहे. आयोजक रामराव. वक्ता मी, इंद्रायणी. विषय मीच दिला आहे, 'भुकेवर राज्य'. माझं म्हणणं सरळ आहे. जिने स्वतःच्या भुकेवर राज्य केलं, तिच्यावर दुसऱ्या कुणाला राज्य करता येत नाही. हे मी नुसतं बोलणार नाही. हे दोन महिने मी जगून दाखवणार आणि रोजचं इथे लिहिणार. पुढेमागे याचं पुस्तक होईल.

आज दिवसभर नियमाने राहिले. दुपारी उन्हात गल्ली पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. माणसं लांबून, हळूहळू पोहत येत होती. मला हे आवडलं.

५ डिसेंबर, गुरुवार

सकाळपासून परदेशातल्या एका क्रांतीचा इतिहास वाचत होते. जाड ग्रंथ, दीडशे पानं संपवली. संध्याकाळी टिपणं काढायला बसले तेव्हा एवढंच आठवलं की पाव महाग झाला होता आणि तुरुंगातल्या एका सरदाराला शेवटच्या दिवशी कोंबडीचं सूप मिळालं. राजा कोण होता ते पुन्हा पानं उलटून बघावं लागलं.

मन किती बारीक तपशील टिपतं, याची गंमत वाटली.

आत्या भाकरी थापत होती. तो आवाज ऐकताना डोळे मिटले, तर कुठल्यातरी मोठ्या मैदानात माझ्यासाठी टाळ्या वाजत होत्या. डोळे उघडले तर परातीत पीठ.

"जेवून घे, गरम हाय," आत्या म्हणाली.

"माझा उपास आहे."

"आज कोणत्या देवाचा?"

"गुरुवार आहे ना."

"काल बुधवार व्हता, परवा मंगळवार. तुझ्या देवाला एखादा वार तरी सुट्टीचा हाय का न्हाई?"

साळूबाई आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. मामा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून, आठ वर्षं झाली, ती माझ्याकडे असते. शाळा बघितलेली नाही, पण टोमणा मारताना तिचा शब्द कधी चुकत नाही.

९ डिसेंबर, सोमवार

आज भोकरदनकडच्या एका गावात व्याख्यान झालं. नंतर सरपंचांच्या घरी पंगत. आमच्याकडे पाहुणी व्याख्याती ताटावरून अर्धपोटी उठली तर घराची अब्रू जाते. म्हणून मीही नाही म्हणू शकत नाही. वाढणारी बाई हसतमुख होती. म्हणाली, "ताई, बस म्हणेपर्यंत वाढायचं, असा आमच्या घरचा कायदा हाय."

मी 'बस' म्हणायची वेळ यायची वाट बघत राहिले. पूर्वी जेवताना पोटात कुठेतरी एक दार लागल्याचा आवाज यायचा. तो आला की हात आपोआप ताटावर आडवा जायचा. आज कान लावून बसले, आवाज आलाच नाही. ती वाढत गेली, मी खात गेले. शेवटी तुपाचं भांडं रिकामं झालं म्हणून ती थांबली.

घरी आले. आत्या देवळात गेली होती. फळीवर तिने संक्रांतीआधीच करून ठेवलेला तिळाच्या लाडवांचा डबा होता. पुढचं मला नीट आठवत नाही. कुणा परक्या बाईचे हात बघावेत तसे मी माझे हात बघत होते. ते डब्यात जात होते आणि येत होते. चव कशाचीच लागली नाही. मग डबा वाजला, म्हणजे तळ लागला.

मग न्हाणीघर.

बाहेरून आत्याचा आवाज आला. "पित्त उठलं का गं, इंदे?"

"व्हय."

"धन्याचं पाणी करते. दार उघड."

आमच्या भागात पित्ताला मान आहे. पित्त कामाच्या माणसाला होतं, जागरण करणाऱ्याला, डोकं चालवणाऱ्याला होतं. पित्ताला कुणी जाब विचारत नाही. धन्याचं गार पाणी घेऊन मी पडून राहिले. अंग पिसासारखं झालं होतं. उद्यापासून नियम आणखी कडक करायचे.

१७ डिसेंबर, मंगळवार

घसा बसला आहे. आजच्या कार्यक्रमात वरच्या पट्टीत गेले आणि आवाज मध्येच फाटला. माइकवाल्याला वाटलं त्याची तार ढिली आहे. तो बिचारा दोनदा स्टेजखाली जाऊन आला.

कापसाच्या गाड्या सुरू आहेत, सगळीकडे तूस उडतं. त्याचाच परिणाम. ज्येष्ठमध आणला.

२१ डिसेंबर, शनिवार

आज आत्यावर ओरडले. कारण लिहायचीही लाज वाटते. ती काकडी खात होती. त्या आवाजाने माझ्या डोक्यात खिळे ठोकल्यासारखं झालं. "तोंड मिटून खाता येत नाही का," असं मी तिला म्हणाले. जिने मला कडेवर घेऊन ज्वारीची राखण केली, तिला.

उरलेली काकडी तिने कोपऱ्यात ठेवली. मग पेन्सिलीचं टोक मोडलं म्हणून मी अर्धा तास रडले. एका पेन्सिलीसाठी. आठवडाभर हेच चाललं आहे. सकाळी मी राणी असते, दुपारी राख, संध्याकाळी काहीच नाही. अंगातून कुणीतरी वात काढून नेल्यासारखं वाटतं.

खरं सांगायचं असं ठरवलं आहे तर हेही सांगते. दोन वर्षांपूर्वी याच रामरावांनी मेळाव्यात माझी ओळख करून दिली होती. म्हणाले, "ताई स्टेजवर आल्या की मांडवाला दुसरा खांब लावायची गरज न्हाई." हजारेक बायका हसल्या. मीही हसले. त्या दिवशी मी मुलींच्या शिक्षणावर सव्वा तास बोलले, लोक उठून उभे राहिले. घरी परत येताना एसटीत मला त्यातलं एक वाक्यही आठवत नव्हतं. खांब तेवढा आठवत होता.

म्हणजे हे व्रत त्या खांबापासून सुरू झालं का? नाही. माणूस अपमानातून सुरुवात करतो आणि तत्त्वापर्यंत पोचतो. इतिहासात अशी उदाहरणं आहेत.

२७ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी डोळा लागला. स्वप्नात मस्तगडच्या गल्लीतून आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मेंढरं चालली होती. आवाज नव्हता, धूळ नव्हती. पांढरा पूर आल्यासारखी दुकानांच्या पायऱ्या चढून ती माझ्या खोलीत शिरली आणि या डायरीची पानं खायला लागली. एकेक पान हळू चावत होती. मी म्हणत होते, खाऊ नका, त्यात माझे नियम आहेत. एका मेंढीने तोंड वर केलं. तिचे डोळे आत्यासारखे होते.

जागी झाले तेव्हा तोंडात कागदाची चव होती.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

काय सभा झाली. परतूरला मुलींच्या शिक्षणाचा कार्यक्रम होता. आवाज अर्धाच होता, पण जो होता तो पेटला. मी म्हणाले, "ताटातला घास कुणी हिसकावला तर लढा. पण स्वतःच्या हाताने मागे सारलेला घास हा गुलामीचा नाही, सत्तेचा घास आहे." टाळ्या थांबेनात. बोलता बोलता समोरचे चेहरे विरघळले आणि रंगीत लुगड्यांचं एक शेत तेवढं वाऱ्यावर हलत राहिलं. माझे पाय जमिनीला लागलेले नव्हते. खाली उतरताना तोल गेला, कुणीतरी दंड धरला.

ते रामराव होते. म्हणाले, "ताई, आता तर तुम्हालाच खांबाला बांधून ठिवावं लागल. वारं सुटलं तं सभा हितं आन् वक्ता मंठ्याला."

माझं मन फुलासारखं झालं. या एका वाक्यासाठी दोन वर्षं गेली होती, हे तेव्हा कळलं.

त्यांच्या मागे त्यांची मुलगी उभी होती, शालू. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डोळे मोठे, ओठ फुटलेले. रामराव कौतुकाने म्हणाले, "तुमची भक्त हाय ही. मोबाइलवर दिवसभर तुमची भाषणं. मागच्या खेपेला आमच्या घरी जेवल्यावर तुम्हाला पित्त झाल्तं ना, तवापासून हिला बी पित्तच धरलं. गुण घ्यावा तं असा घ्यावा."

शालूने मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "ताई, मला तुमच्यासारखं व्हायचं हाय. बिलकुल तुमच्यासारखं."

एका भाषणाने एक मुलगी बदलते, याहून मोठं मानधन नाही.

तिचे ओठ मात्र डोळ्यासमोरून जात नाहीत. थंडीचे असतील.

९ जानेवारी, गुरुवार

आवाज गेला.

सकाळी आत्याला हाक मारली तर घशातून फक्त हवा आली. घशाच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी बारीक कॅमेरा आत घातला आणि पडद्यावर मला माझाच गळा दाखवला. ज्या दोन दोऱ्यांवर माझं आयुष्य चालतं, त्या सुजून लाल झाल्या होत्या.

"हे धुळीने होत नाही," त्या म्हणाल्या. "पोटातलं आम्ल वर येतंय. वारंवार. उलट्या होतात?"

मी कागदावर लिहिलं, 'पित्त आहे.'

त्यांनी दिवा बंद केला. मग विचारलं, "पित्त आपोआप होतं, की तुम्ही काढता?"

बारा वर्षांत मला श्रोत्यांतून शेकडो प्रश्न आले आहेत. हा आला तेव्हा मी हातातला कागद उलटा करून ठेवला.

त्या रागावल्या नाहीत. दहा दिवस एक शब्दही बोलायचं नाही, असं बजावलं. "गळ्याला औषध देते. पण हे असंच चालू राहिलं तर हा आवाज परत येईल याची हमी मी देणार नाही. दातांवर होतं, हृदयावरसुद्धा होतं." मग एका चिठ्ठीवर दुसऱ्या डॉक्टरांचं नाव लिहिलं. मानसोपचाराचे डॉक्टर. "घशाच्या आधी यांच्याकडे गेला असतात तर बरं झालं असतं."

चिठ्ठी डायरीत ठेवली आहे. याच पानात. मला वेड लागलेलं नाही.

वाटूरला चोवीस दिवस राहिले.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

आत्याने पुन्हा लाडू केले. मागचा डबा कुठे गेला, हे तिने आजवर विचारलेलं नाही. एक लाडू माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, "गोड बोल म्हणावं तं तुला बोलायलाच बंदी. मंग नुसती गोड बस."

मूकपणात दिवस विहिरीसारखे खोल होतात. बोलत होते तेव्हा घरातले आवाज मला ऐकू येत नसत. आता सगळे येतात. पाण्याची मोटर, शेजारची मशीन, आणि न्हाणीघराबाहेर आत्याची पावलं. मी आत गेले की ती बाहेर येऊन उभी राहते. रोज. हे मला माहीत नव्हतं.

१७ जानेवारी, शुक्रवार. हसनाबाद

आत्या म्हणाली, बोलता येत न्हाई तं चल रानात, तिथं कोण भाषण मागतं. म्हणून काल एसटीने गावी आलो. आबा अजून वीसेक मेंढरं सांभाळतात. बाकीची मागेच विकली.

आज सकाळी जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहायचं आहे.

धुकं होतं. ज्वारीचं हिरवं रान त्यात तरंगत होतं. बांधाच्या अलीकडे एक मेंढी एकटी बांधलेली होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. आबांनी ती बाजारातून आणली. आधीच्या मालकाने तिचे हाल केलेले. तिच्यापुढे मूठभर कडबा आणि थोडा पाला होता. पलीकडे एवढं हिरवं असताना.

मी हाताने विचारलं, तिला तिकडे का सोडत नाही?

आबा म्हणाले, "उपाशी जनावर आन् हिरवं रान, यांची गाठ घालू नये, बाई. त्याला थांबताच येत न्हाई. भूक त्याची खरी असती, पण बस म्हणायचं त्याचं पोट इसरलेलं असतं. खातं खातं, फुगतं आन् मरतं. लोक म्हणत्यात, हावरी व्हती." त्यांनी मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला. "हावरी न्हाई. उपाशी ठिवलेली व्हती."

मी उभी होते ती बांधावर बसले.

"मंग येळच्या येळी थोडं थोडं द्याचं. तिनं मागितलं तरी तेवढंच, न्हाई मागितलं तरी तेवढंच. आन् खाऊन झालं की म्या बसतो जवळ. रवंथ सुरू होईपर्यंत. उठलो तं ती बावरती. रवंथ केला की समजायचं, आता पोटात गेलेलं तिचं झालं."

ते खरंच बसले. बिडी नाही, बोलणं नाही. धुक्यात एक म्हातारा आणि एक मेंढी. खूप वेळाने तिचा जबडा हलला. आधी एकदा. मग पुन्हा. मग संथ लयीत, जणू तिला काही जुनं आठवत होतं.

मी रडत होते. आवाज नसताना रडलं की फक्त खांदे हलतात.

आत्या शेजारी येऊन बसली. समोर बघतच म्हणाली, "इंदे, तुझं पित्त न्हाई."

मी तिच्याकडे पाहिलं.

"आपण मेंढरं राखणारी माणसं. वाचता येत न्हाई, पण कोणतं जनावर काहून खात न्हाई आन् कोणतं काहून थांबत न्हाई, एवढं तं बराबर कळतं."

डॉक्टरबाईंनी घातलेली बंदी मी तिथे मोडली. फाटक्या आवाजात विचारलं, "मग तू रोज धन्याचं पाणी कशाला करत होतीस?"

"पाणी केलं म्हणलं की तू दार उघडायची," आत्या म्हणाली. "म्हणून."

२१ जानेवारी, मंगळवार. जालना

चिठ्ठीवरच्या डॉक्टरांकडे गेलो. आत्या सोबत होती. गळ्याला त्रास नको म्हणून मी कागदावर वाद घातला. साधू, सत्याग्रही, तुरुंगातले राजबंदी, सगळ्यांचे दाखले दिले. संयम हा आजार कसा असेल, असा खडा सवाल केला. त्यांनी एकेक कागद शांतपणे वाचला आणि विचारलं, "आज सकाळी काय खाल्लं?"

मी लिहिलं, 'ज्येष्ठमध.'

ते म्हणाले, "सत्याग्रही उपास सोडतो तेव्हा लोकांसमोर सोडतो. तुमचा उपास बंद दाराआड सुटतो. एवढाच फरक लक्षात ठेवा." मग त्यांनी समजावून सांगितलं. भूक दाबली की ती मरत नाही. आधी ओरडते, मग दडी मारते, मग चोरी करते. चोरीची लाज वाटते, म्हणून पुढची दाबणी आणखी घट्ट होते आणि पुढची चोरी आणखी मोठी. या ओढाताणीत भूक आणि तृप्ती, दोघींच्या हाका ऐकू येईनाशा होतात. चिडचिड, रडू, रितेपणा, पुस्तकातून भाकरीच आठवणं, यात माझा स्वभाव नाही. उपाशी ठेवलेल्या डोक्याचं हे बोलणं आहे. याला नाव आहे, उपचार आहे आणि पुष्कळ जणी यातून बऱ्या होतात.

उपचार काय? औषध, दर आठवड्याला त्यांच्याशी बोलणं आणि वेळच्या वेळी जेवणं. भूक लागो, न लागो.

आत्या मध्येच म्हणाली, "आन् खाल्ल्यावर कोणीतरी जवळ बसायचं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मेंढरानं," आत्या म्हणाली.

२४ जानेवारी, शुक्रवार

जेवले. पोट भरलं की नाही, कळलं नाही. ताट सारून उठायला लागले तेव्हा अंगात तीच घाई होती, तीच ओढ.

"बस," आत्या म्हणाली.

मला वाटलं, ती म्हणते आहे, पुरे झालं. पण तिने शेजारी हात थापटला होता. मग मी बसले. ती शेंगा फोडत होती, मीही फोडायला लागले. टरफलांचा ढीग वाढत गेला. ओढ लाटेसारखी आली, डोक्यावरून गेली, ओसरली. मध्येच आत्याने माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं.

"काय बघतेस?"

"रवंथ सुरू झाला का ते."

मला हसू आलं. फाटकं, पण आवाजाचं.

२८ जानेवारी, मंगळवार

आज चुकले. आत्या दळण आणायला गेली होती. लिहायचं नव्हतं, पण खोटं लिहिलं तर ही डायरीसुद्धा पित्तच होईल.

ती आली, तिला कळलं. म्हणाली, "रातचं जेवण येळेवरच."

"अजून नियम चालू आहे?"

"मेंढी एकदा दावं तोडून पळाली तं दुसऱ्या दिवशी कडबा बंद करायचा का?"

१ फेब्रुवारी, शनिवार

रामरावांचा फोन आला. फलक लागले आहेत, माझ्या फोटोसह, 'भुकेवर राज्य'. आवाजाचं काय, असं त्यांनी काळजीने विचारलं. म्हणाले, "जल्दी बऱ्या व्हा. तुमच्या आवाजावर तीन गावच्या बाया येऊन राह्यल्या."

मी विचारलं, "शालू कशी आहे?"

"पित्तानं बेजार. काल कॉलेजात चक्कर येऊन पडल्ती. पण उपास सोडत न्हाई बघा. म्हणती, इंद्रायणीताईनं सोडला का?"

फोन ठेवला. खिडकीबाहेर ऊन होतं, पण मला धुक्यातला तो बांध दिसत होता. एक बांधलेली मेंढी. आणि हिरवं रान दाखवून तिला हाका मारणारी मी.

२ फेब्रुवारी, रविवार. वाटूर

हे रामरावांच्या ओसरीवर बसून लिहिते आहे. ऊन कलायला लागलं आहे. मांडव सोडवण्याचं काम चाललं आहे.

स्टेजवर गेले तेव्हा लोक व्याख्यानाची वाट बघत होते. माझ्याकडे दहा मिनिटांचा आवाज होता. मी म्हणाले, फलकावर लिहिलंय ते खोटं आहे. मी भुकेवर राज्य केलं नाही. मी तिला कोंडलं आणि तिने माझं घर फोडलं. लाडवांच्या डब्याचं सांगितलं, न्हाणीघराचं सांगितलं, जेवणानंतर शेजारची जागा थापटून 'बस' म्हणणाऱ्या आत्याचं सांगितलं. मांडव गार पडला. खांबाचं मात्र सांगितलं नाही. रामराव पहिल्या रांगेत होते. आपलंच वाक्य आपल्याला आठवलं की माणूस कुठे बघतो ते मी पाहिलं. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते.

मग मी म्हणाले, "आपल्या घरात एखादीला सारखं पित्त होतं. तिला..." आणि आवाज गेला. ओठ हलत राहिले. माइकमधून नुसतं वारं आलं. बायका हलल्या नाहीत. त्या वाऱ्याकडे कान लावून बसून राहिल्या. आजवरच्या कुठल्याच भाषणाला अशी शांतता मिळाली नव्हती.

नंतर इथे पंगत बसली. शालू माझ्या शेजारी होती. घाईने जेवली आणि ताट उचलून उठली. नजर मागच्या दाराकडे. म्हणाली, "पित्त झालं."

माझा आवाज अजून परतला नव्हता. मी रामरावांकडे बघितलं.

ते वाढपी होते, हातात भाताचं पातेलं. त्यांनी ते तिथेच जमिनीवर ठेवलं. कधी पंगतीत पोरीजवळ बसलेला माणूस नसावा. गुडघे मोडताना त्यांना त्रास झाला. तिच्या रिकाम्या पाटाशेजारी मांडी घातली, पाटावर हात थापटला आणि म्हणाले, "बस, पोरी."

शालू बराच वेळ उभीच होती. मग बसली. आत्याने कुठूनशा शेंगा आणून दोघांच्या मध्ये ओतल्या. आता या क्षणीही ती तिघं समोर बसली आहेत. मांडवाचं कापड उतरतं आहे, त्याची निळी सावली त्यांच्यावरून सरकते आहे आणि शेंगा फुटल्याचा आवाज येतो आहे.

पुढचे महिने सोपे नाहीत, तिचेही नाहीत आणि माझेही. मंगळवारी माझी डॉक्टरांची वेळ आहे. त्या खोलीत आता शालू आणि मी, दोघी बसू.

पण मांडवात जे वाक्य घशात अडकलं ते इथे पुरं करते, कारण तुम्ही अजून या कागदावर बसलेल्या आहात.

ताटावर बसलेल्या बहिणींनो, भावांनो, आयांनो, बापांनो, आज संध्याकाळी तुमच्या घरातली जी कुणी जेवण होताच घाईने उठेल, तिला जाड म्हणू नका, बारीक म्हणू नका, पित्ताचं औषध देऊ नका. हातातलं पातेलं खाली ठेवा. तिच्या शेजारची जागा थापटा, बस म्हणा, आणि अर्धा तास तुम्हीही तिथून उठू नका.